हिरव्या धाग्याचे वेढे

संध्याकाळी वाइंडिंगच्या टेबलाखाली झाडू मारला की तांब्याच्या तारेचे तुकडे निघतात. बोटभर, नखभर. मुद्दाम कुणी टाकत नाही, तरी रोज मूठभर जमतातच. आमच्या गाळ्यातल्या किश्शांचं तेच. सांगायला म्हणून कुणी बसत नाही, पण पायाखाली साचत जातात आणि एक दिवस टोचतात!

गाळा साकीनाक्याला. जळलेल्या मोटरी येतात, आम्ही सहा बायका त्यांच्यात नवी तार भरतो. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, पिठाची गिरणी, येईल ते. सहांत म्हातारी मी. शाळेची पायरी चढले नाही. आकडे ओळखते, अक्षरं ओळखत नाही. हे मी बोलतेय आणि नात तन्वी लिहून घेतेय. तिला तंबी दिलीय, एक शब्द सुधारलास तर जेवायला वाढणार नाही!

*

आमच्या टेबलावर एक रीत आहे. कॉइल भरून झाली की बांधताना प्रत्येकीने आपल्या रंगाचा सुती धागा लावायचा. शेवंताचा पिवळा, माझा हिरवा. वरून वार्निश बसलं की धागा आतच राहतो. मोटर परत आली, उघडली, की लगेच कळतं कुणाच्या हातची. ‘मी नव्हे गं, ती’ म्हणायला जागाच नाही!

मोठे शेठ होते तेव्हा एकदा हळूच म्हणाले, “बाई, चार वेढे कमी घातले तर कुणाला कळतंय?”

मी म्हटलं, “ज्याचा धागा आत आहे त्याला कळतं.”

मोठे शेठ हसले. तो विषय पुन्हा निघाला नाही.

ते वारले, धाकटे शेठ गादीवर आले. हुशार पोरगा, मनाने वाईट नाही, पण घाई फार. गणपती उठले आणि ह्यांनी सांगून टाकलं, “दिवाळीनंतर वाइंडिंगचं टेबल बंद. तयार मोटरी आणून विकू.”

“का बरं?”

“कुठल्या मोटरला किती वेढे, कुठली तार, सगळं आजींच्या डोक्यात. कागदावर अक्षर नाही. उद्या आजी गेल्या तर?”

“कुठे जाणार मी?”

“म्हणजे... वर.”

“माझ्या आधी तुमची तयार मोटर वर जाईल!”

बायका खो-खो हसल्या. पण खरं सांगते, ते बोलणं लागलं. कारण पोरगा खोटं बोलत नव्हता. पाच जणींची चूल त्या टेबलावर, आणि टेबल माझ्या एकटीच्या डोक्यावर.

तन्वी कॉम्प्युटरवाली. ती आणि तिची मैत्रीण रुबीना मालाडला एका खोलीत दोघींचंच ऑफिस चालवतात. तिने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी सरळ गाळ्यात आली. शेठना म्हणाली, “आजीच्या डोक्यातलं सगळं सर्व्हरवर ठेवते. टेबलावरच्या कुणीही फोनवर AI ला विचारायचं, तो बरोबर वेढे सांगणार. एक दिवस आजीला गप्प बसवून परीक्षा घ्या. जमलं तर टेबल राहील.”

“आणि नाही जमलं तर?”

तन्वी काही बोलायच्या आत मीच म्हटलं, “नाही जमलं तर शटर मी स्वतः ओढते. आणा ती परीक्षा!”

*

आता हे काय प्रकरण, ते मला कळलं तसं सांगते.

AI म्हणजे एक बोलघेवडा माणूस समजा. जगातलं सगळं वाचलेला, पण आमच्या मुलुंडच्या गिरणीची मोटर त्याने कुठून बघितली असणार? म्हणून त्याच्या हातात दोन हत्यारं द्यायची. एकाचं नाव ‘शोध’, दुसऱ्याचं ‘लिहून ठेव’. ही हत्यारं ज्या कपाटात, तो सर्व्हर. आणि ते कपाट भाड्याच्या कॉम्प्युटरवर नेऊन ठेवायचं, म्हणजे कुणालाही कुठूनही उघडता येतं. नेऊन ठेवण्याला ह्या पोरी ‘डिप्लॉय’ म्हणतात.

मी म्हटलं, “म्हणजे आपला गाळा असताना आणखी एक गाळा भाड्याने!”

“तसंच समज.”

पंधरा दिवस मी सांगत होते, तन्वी भरत होती. मला मोटर आठवते ती गिऱ्हाइकावरून. “मुलुंडची गिरणी. मालकाची मिशी एका बाजूने पिकलेली. मोठी कॉइल बावन्न वेढे.”

“आजी, मिशी पण लिहू?”

“लिही की! त्याशिवाय मला आकडा कसा आठवणार?”

“अगं, आठवायचं तुला नाहीये, सर्व्हरला आहे!”

“मग त्याला तरी कसा आठवणार?”

तन्वीने मिशी लिहिली. दोनशे चौदा मोटरी झाल्या. मिशा, चष्मे, व्याही आणि भांडणं सोडून.

पहिल्या दिवशी शेवंताने फोन घेतला. शेवंता मालवणची, बोलणं सरळ अंगावर. तिने विचारलं, “घाटकोपरच्या टेलराचो पंखो, किती वेढे?” फोन गोड आवाजात म्हणाला, “नोंद करून ठेवली आहे.”

“आजये! मी इचारलंय, नि ह्येनी लिवून घेतल्यान!”

पुन्हा विचारलं. पुन्हा लिहून घेतलं! तीन वेळा एकच प्रश्न कपाटात जाऊन पडला, उत्तर नाही.

तन्वी म्हणाली, प्रत्येक हत्यारावर एक चिठ्ठी असते. ती वाचून AI ठरवतो कुठलं उचलायचं. मी म्हटलं, वाच बघू. दोन्हींवर जवळपास एकच लिहिलेलं, ‘वेढ्यांच्या नोंदीचं काम करतो.’

“अगं, टेबलावर नवीन बाई आली तर तिला असं सांगतात का? तिला काय करायचं ते सांगायचं, आणि त्याआधी कशाला हात लावायचा नाही ते सांगायचं! लिही. शोध: कुणी विचारलं की बघायचं आणि सांगायचं, लिहायच्या फंदात पडायचं नाही. लिहून ठेव: ‘लिही’ असं तोंडाने म्हटल्याशिवाय उचलायचं नाही. आणि दोन्हीकडे लिही, सापडलं नाही तर सापडलं नाही म्हणायचं. अंदाज सांगायचा नाही. अंदाजाने भरलेली मोटर धूर काढते!”

तन्वीने शब्दाला शब्द तसंच ठेवलं. शेवंताने विचारलं, उत्तर बरोबर आलं. रुबीना टाळी देत म्हणाली, “आजी, ज्या कामाचा लोक कोर्स करतात ते तुम्ही बसल्या बसल्या केलं!”

“नवीन बाईला शिकवायला कोर्स लागतो?” मी विचारलं. “मग वाट लागली तुमची!”

*

रुबीना गुणी पोर. साकीनाक्यातच वाढलेली, मराठी-हिंदीची भेळ बोलते. एके सकाळी तन्वी तिच्यावर ओरडत गाळ्यात शिरली. “सर्व्हरची चावी कोडमध्येच लिहून ठेवलीस? आणि कोड उघड्यावर? सगळ्या जगाला दिसतेय!”

“यार, टेस्टिंगपुरती ठेवली होती. काढायची राहून गेली ना.”

मला हसू आलं. आमच्या रांगेतल्या सगळ्या शटरच्या चाव्या चहावाल्याच्या बरणीमागे असतात. कोणाची कुठली, हे त्याच्यापेक्षा गिऱ्हाइकांना जास्त पाठ! मी म्हटलं, “ओरडतेस कशाला? चोर येऊन नेणार काय? वेढे?”

तन्वी म्हणाली, “नेणार नाही गं आजी. बदलून ठेवेल. बावन्नचे बेचाळीस करेल. आणि आपल्याला कळणारही नाही.”

माझं हसू गेलं.

“म्हणजे तुझ्या कपाटात धागा नाही?”

“कसला धागा?”

मग मी कॉइल उलगडून दाखवली तिला. म्हटलं, ज्या नोंदीला धागा नाही ती नोंद माझी नाही. सहा बायकांना सहा वेगळ्या चाव्या दे. जिच्या चावीने लिहिलं, तिचा रंग त्या नोंदीला. कुणी आकडा बदलला तर जुना पुसायचा नाही, शेजारी ठेवायचा. आणि ‘शोध’ने आकडा सांगताना धागाही सांगायचा, दर वेळी.

“एवढं कोण ऐकत बसणार आजी?”

“ज्याची मोटर जळलीय तो ऐकेल.”

दोघींनी दोन दिवस बसून तसं केलं. चाव्या वाटताना धाकटे शेठ पुढे आले. “मालक मी. मला चावी नको?”

“घ्या की,” मी म्हटलं. “रंग कुठला?”

“मला कसला रंग आजी! मी काय तार भरणार आहे?”

तन्वीने रंगाच्या जागी नुसतं ‘धाकटे शेठ’ लिहिलं आणि चावी दिली.

*

हे भाड्याचं कपाट पहिल्यांदा फुकटच्या जागेत ठेवलेलं. त्या जागेची खोड अशी, की पंधरा मिनिटं कुणी काही विचारलं नाही की सर्व्हर झोपतो! मग विचारलं की उठायला मिनिटभर घेतो.

शेठनी नेमकं दुपारी विचारलं. फोन गप्प. शेठ घड्याळ बघतायत. “आजी, हे तर झोपलंय!”

“जेवणानंतर तुम्हाला उठवायला किती वेळ लागतो? आम्ही कधी मोजला?”

पण परीक्षेच्या दिवशी झोपला तर? तन्वी म्हणाली, न झोपणारी जागा घेते, आठवडाभर सांभाळा. शेवंताला काम लागलं, दर दहा मिनिटांनी काहीतरी विचारायचं. पाळणा हलवल्यासारखं. शेवंता विचारणार काय? तिला एकच पंखा पाठ, तो घाटकोपरच्या टेलरचा. दिवसभर तोच! जेवताना डाव्या हाताने तोच!

शनिवारी शेठनी तन्वीकडून यादी मागवली, कोण काय विचारतं ते बघायला. बघतात तर आठवडाभर एकच पंखा, एकच पंखा!

संध्याकाळी गाळ्यात दोन खोकी उतरली.

“हे काय हो शेठ?”

“त्या पंख्याची तार. सीझन आहे आजी, लोक वेडे झालेत त्याच्यामागे. तुम्हाला मार्केट कळत नाही!”

शेवंताने जी मान खाली घातली ती सोमवारपर्यंत वर केली नाही.

*

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यार चालत नाही. वाइंडिंगचं मशीन, कातर, पक्कड, हातोडी, सगळं पुसून मांडायचं, हळदकुंकू, झेंडूचं फूल. त्या दिवशी तार तोडायलाही हात लावायचा नाही. वर्षभर राबतात, एक दिवस त्यांचा.

पूजा झाली आणि माझ्या मनात आलं. “तन्वी, तुझी ती दोन हत्यारं?”

“आजी, त्यांच्यावर फूल कुठे ठेवू?”

“फूल राहू दे. पण राबवू नको आज. तीही हत्यारंच ना?”

तन्वी काहीतरी समजवायला लागली, तोवर रुबीनाने लॅपटॉप उघडून बटण दाबलंसुद्धा. “किया बंद. आराम करने दो. आजी बरोबर बोलतात.” लॅपटॉपपुढे एक पेढाही ठेवला पोरीने.

दसऱ्याला आपट्याची पानं वाटली, सर्व्हर चालू केला, शेवंताने पंखा विचारला. उत्तर आलं, “सापडलं नाही.”

मुलुंडची गिरणी? सापडलं नाही. मिशी? सापडलं नाही!

तन्वी पांढरी पडली. नोंदी त्या भाड्याच्या जागेतच ठेवलेल्या. आणि तिथला कायदा असा, की नुसता झोपला तर ठीक, पण बंद करून उघडलं की खोली धुऊनपुसून मिळते, आधीचं काही ठेवत नाहीत. नोंदी कायमच्या ठेवायला वेगळी जागा घ्यायची असते, ती परीक्षेच्या आधी घेऊ म्हणून राहिली. दोनशे चौदा मोटरी गेल्या! रुबीना तर रडायलाच लागली. “मेरी वजह से. मीच दाबलं ना बटण.”

शेठ म्हणाले, “बघा. संपलं. मी म्हणतच होतो.”

मी म्हटलं, “काय संपलं? कपाट रिकामं झालंय, डोकं नाही! रुबीना, डोळे पूस. पेढा खा तो. आणि आधी ती दुसरी जागा घे. तन्वी, लिही. मुलुंडची गिरणी, मालकाची मिशी एका बाजूने पिकलेली, मोठी कॉइल बावन्न.”

चार दिवसांत पुन्हा दोनशे चौदा. शेठ रोज येऊन बघायचे, मी अडखळते का. नाही अडखळले!

पाचव्या दिवशी तन्वीला बॅगेत जुना कागद सापडला, पहिल्या वेळच्या तीस नोंदींचा. शेठच ताडून बघायला बसले. एकोणतीस जुळल्या. तिसावीला कागदावर चौसष्ट, माझे आता सांगितलेले सेहेचाळीस.

शेठ हळूच म्हणाले, “वय झालं आजी. होतं असं.”

“कागदाचं झालं असेल!”

ती मोटर नेमकी गाळ्यातच पडलेली. शेवंताने सगळ्यांसमोर वेढे सोडवले, मोठ्याने मोजत. सेहेचाळीसला तार संपली.

*

परीक्षा दिवाळीच्या आधीच्या बुधवारी. शेठनी अट घातली, आजींनी तोंड उघडायचं नाही, खूणही करायची नाही. मी स्टुलावर बसले, तोंडाला पदर लावला.

गिऱ्हाईक आलं गोराईचं. डॉमनिकभाऊ. भाजीची वाडी आहे त्यांची. पंप गोणीत बांधून खाडीच्या तरीने आणलेला. म्हणाले, “आमच्या वाडीवाल्यांचे मिळून बारा पंप आहेत, सगळे जुने. हा बरा झाला तर बाकीचे आणतो. नाहीतर तयार घेऊन टाकू सगळे, कटकट नको.”

शेठ खूश. माझ्याकडे बघून म्हणाले, “हीच परीक्षा. तुम्ही हरलात तर मी बारा विकले, जिंकलात तर तुम्ही बारा भरा.”

शेवंताने पंप उघडला. कॉइल जळून कोळसा. छिन्नीने काढताना आतून एक धागा निघाला, वार्निशने तपकिरी झालेला. तिने नखाने घासला. आत हिरवा.

“अकरा वर्षं चालला,” डॉमनिकभाऊ म्हणाले. “कुणी भरलेला देव जाणे.”

मी पदर आणखी घट्ट धरला.

“विचारा आता,” शेठ म्हणाले.

शेवंताने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, आवाज मोठा केला, पंपाच्या पट्टीवरचा नंबर सांगितला. “मोठ्ये कॉइलीक किती वेढे?”

ह्या वेळी झोपला नव्हता. लगेच बोलला, अगदी स्वच्छ मराठीत.

“मोठ्या कॉइलला सत्तर वेढे. ही नोंद परवा सोमवारी ‘धाकटे शेठ’ ह्या चावीने बदलली आहे. त्याआधीची नोंद अठ्ठ्याहत्तर वेढे, धागा हिरवा. कुठली वापरायची ते सांगा.”

रुबीना छताकडे बघायला लागली. तन्वीने लॅपटॉप हळूच मिटला.

“नाही, ते... सगळ्याच पंपांचे थोडे कमी केलेत, तार वाचते. आठ वेढ्यांनी काय होतंय?” शेठ म्हणाले. “तयार मोटरीत तेवढेच असतात. कुणाला कळतंय?”

डॉमनिकभाऊंनी टेबलावरचा धागा उचलला. तळहातावर ठेवला, उजेडात धरला, बराच वेळ बघितला.

“हा भरा हिरव्या धाग्याचा,” ते म्हणाले. “बाकीचे अकरा पण ह्याच टेबलावर. शनिवारी तरीने आणतो.”

मग शेठ माझ्याकडे वळले. कान लाल झालेले. “बोला आता आजी. बोला काय बोलायचं ते.”

मी पदर सोडला. स्टुलाखालचा धाग्यांच्या रिळांचा डबा ओढून मांडीवर घेतला, झाकण काढून त्यांच्यापुढे धरला.

“शेठ, कुठला रंग देऊ?”